उंब्रियाला जायचंय? आधी चढ बघा, मग यादी करा

असिसी नावाच्या स्टेशनवर उतरलो, बॅगा ओढत बाहेर आलो आणि बघतो तर असिसी कुठंय? ते पार तिकडे, डोंगराच्या अंगावर, चार-पाच किलोमीटर लांब, उन्हात गुलाबीसर चमकतंय. इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं हे सगळ्यात महत्त्वाचं सत्य मला पहिल्या ट्रिपला कोणीच सांगितलं नव्हतं, की इथे स्टेशन असतं खाली सपाटीला आणि खरं गाव असतं वर. आपल्याकडे गडाचं चित्र डोक्यात असतंच ना, पायथ्याचं गाव, मग दरवाजा, मग माची आणि सगळ्यात वर बालेकिल्ला, बस्स, तेच चित्र घेऊन इथलं प्लॅनिंग करा. बालेकिल्ल्याला इथे 'रोक्का' म्हणतात, एवढाच फरक.

मी दोनदा गेले. एकदा मे महिन्यात नवऱ्याबरोबर, सगळं ट्रेनने. दुसऱ्यांदा जूनच्या शेवटी आई-बाबांना घेऊन. बाबांचा गुडघा नाजूक, आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यामुळे खाली जे लिहितेय ते ह्या दोन्ही ट्रिपांचं मिश्रण आहे, आणि कुठे किती पायऱ्या, कुठे सरकता जिना, कुठे काय खायला मिळतं हे जास्त येईल, त्याला इलाज नाही.

आधी हा भाग आहे कुठे. रोम आणि फ्लॉरेन्सच्या मधोमध, टस्कनीला चिकटून. इटलीच्या द्वीपकल्पातला हा एकच प्रांत ज्याला समुद्रही नाही आणि परदेशाची सीमाही नाही, नुसते डोंगर, ऑलिव्ह, द्राक्षांचे मळे आणि दऱ्या. क्षेत्रफळ साधारण ८,४५० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि माणसं अख्ख्या प्रांतात साडेआठ लाखांच्या आसपास. टस्कनीसारखंच सगळं आहे पण टस्कनीएवढी गर्दी नाही, आणि हॉटेलं तुलनेने स्वस्त. असिसी सोडून. असिसीला गर्दी असतेच.

पहिलं काम: महिना ठरवा

मे, जूनचा पहिला अर्धा, सप्टेंबर, ऑक्टोबरचा पहिला अर्धा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन मी म्हणतं आणि दगडी गल्ल्या दुपारी तव्यासारख्या तापतात. १५ ऑगस्टला त्यांचा 'फेर्रागोस्तो' असतो, तेव्हा आख्खी इटली सुट्टीवर, छोट्या गावातली दुकानं-खानावळी बंद असू शकतात. हिवाळ्यात थंडी बोचरी असते पण काळ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी सुवासिक बुरशी) खरा सीझन तोच.

तारखा जुळवायच्या तर ह्या सणांशी जुळवा. १५ मेला गुब्बिओत चेरींची, म्हणजे उंच लाकडी खांबांची शर्यत (खाली सविस्तर लिहिलंय, कारण ते प्रकरणच तसं आहे). मे-जूनमध्ये कॉर्पस डोमिनी ह्या ख्रिस्ती सणाच्या रविवारी स्पेल्लोत फुलांचे गालिचे. जुलैत पेरुजियात उंब्रिया जॅझ, हा १९७३ पासून चालू आहे. जून-जुलैत स्पोलेतोचा दोन जगांचा महोत्सव, तो १९५८ साली जान कार्लो मेनोत्ती ह्या संगीतकाराने सुरू केला. आणि ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस. फ्रान्सिस गेला १२२६ साली, म्हणजे २०२६ हे आठशेवं वर्ष, त्या वर्षी असिसीत राहायचा हट्ट धरू नका, बाजूला राहा आणि दिवसभरासाठी जा.

दुसरं काम: व्हिसा आणि बाकी कागद

हे पटकन उरकते. शेंगेन व्हिसा लागतो, फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५. सेंटरवाल्याचा सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळणं हेच मुख्य दुखणं आहे, म्हणून मेसाठी जानेवारीतच हालचाल करा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेलं हवं. इटलीत सगळ्यात जास्त रात्री राहणार असाल तरच इटलीचा व्हिसा मागायचा, नाहीतर ज्या देशात जास्त रात्री त्या देशाचा. गाडी चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या, आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवा.

बॅगेबद्दल एक. तूप, पेढे, असलं दुधाचं काही आणि कुठलंही मांस युरोपात घरून नेता येत नाही, नियमच आहे. लसणाची चटणी, मेतकूट, थेपले, भडंग खुशाल न्या. चटणीचं महत्त्व तुम्हाला तिथला ब्रेड खाल्ल्यावर कळेल, ते पुढे येतंय.

तिसरं काम: मुक्काम कुठे टाकायचा

इथे बहुतेक लोक चुकतात, आम्हीपण चुकलो. पहिल्या ट्रिपला रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल असं केलं आणि रोज त्या बॅगा दगडी गल्ल्यांमधून वर चढवल्या, चौथ्या दिवशी बॅगेचं चाक निखळलं आणि आमचं एकमेकांशी बोलणं पण. तेव्हा दोनच, फार तर तीन मुक्काम करा.

माझा हिशोब असा आहे. सात रात्री असतील तर पहिली रात्र ओर्विएतो, कारण ते रोम-फ्लॉरेन्स ह्या मुख्य लाइनवर आहे आणि रोमहून सव्वा तासाच्या आसपास पोहोचता. मग ओर्ते जंक्शनला गाडी बदलून फोलिन्यो, तिथे चार रात्री. शेवटच्या दोन पेरुजिया. आता फोलिन्यो का, कोणी ब्लॉगर तर ह्या गावाचं नाव घेत नाही? एक तर ते सपाट आहे, बाबांच्या गुडघ्याने तिथे मला आशीर्वाद दिले. दुसरं, ते रेल्वेचं जंक्शन आहे, असिसी, स्पेल्लो, त्रेवी, स्पोलेतो सगळं ट्रेनने दहा-वीस मिनिटांवर. तिसरं, टुरिस्ट कमी म्हणून संध्याकाळी चौकात स्थानिक माणसं फेऱ्या मारताना दिसतात, आपण पण त्यात मिसळायचं. गाव अगदीच साधं आहे असंही नाही, दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडीची पहिली छापील प्रत १४७२ साली ह्याच फोलिन्योत निघाली.

ज्यांना खेड्यातच राहायचंय त्यांनी 'आग्रितुरिस्मो' घ्यावं, म्हणजे आपलं कृषी पर्यटन, शेतावरचं घर, बरेचदा स्वतःचं ऑलिव्ह तेल, स्वतःची वाइन. पण त्याला गाडी हवीच. आणि हो, हॉटेलात दर माणशी दर रात्री थोडा टुरिस्ट टॅक्स वेगळा घेतात, बरेचदा रोख मागतात, त्यात फसवणूक वगैरे काही नाही.

चौथं काम: ट्रेन की गाडी

दोन्ही थोडं थोडं. ट्रेनवरची गावं ट्रेनने करा, आणि कास्तेल्लुच्चो, नोर्चा आणि आतल्या खेड्यांसाठी दोनच दिवस गाडी भाड्याने घ्या.

रिजनल ट्रेनचं तिकीट आधी काढायची गरज नाही, भाव बदलत नाही. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, आणि ॲपवरचं असेल तर ॲपमध्ये चेक-इन करायचं. विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड. टीसी 'आम्हाला माहीत नव्हतं' ऐकून घेतो, मान हलवतो आणि पावती फाडतो.

गाडीचं मुख्य संकट म्हणजे झेडटीएल, मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या गावाच्या वेशीवर कॅमेरे लावलेले असतात आणि परवानगी नसलेली गाडी आत गेली की फोटो. आम्ही एका गावात जीपीएसच्या भरवशावर कमानीतून आत शिरलो, गोल फिरून दहा मिनिटांत बाहेर आलो, कोणी हटकलं नाही, आनंदात जेवलो, आणि घरी परत आल्यावर कित्येक महिन्यांनी दंडाचं पत्र आलं. त्याच्याआधी गाडीवाल्या कंपनीने आमची माहिती पोलिसांना कळवल्याबद्दल कार्डातून वेगळे पैसे कापले होते ते निराळंच. तेव्हा गोल पाटी, लाल कडा, पांढरं पोट दिसली की थांबा. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत. पंपावर 'बेन्झीना' म्हणजे पेट्रोल आणि 'गाझोल्यो' म्हणजे डिझेल, हे पाठ करा. ऑटोमॅटिक गाडी हवी तर बुकिंगच्या वेळीच मागा, घाटात क्लच-गिअरचा अभ्यास करायला लागू नये.

ओर्विएतो: वर जा, मग खाली उतरा

स्टेशनच्या बाहेरच फ्युनिक्युलर आहे, दोरीने ओढली जाणारी छोटी गाडी, काही मिनिटांत वर. ओर्विएतो एका सरळसोट कड्यावर बसलंय, ज्वालामुखीच्या मऊ दगडाचा कडा. वरच्या चौकातून गल्लीगल्लीने चालत जा आणि अचानक कॅथीड्रल समोर येतं, सोनेरी मोझेक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती. पाया घातला १२९० साली. इकडे ज्ञानेश्वर माऊली नेवाशात होते तोच काळ. बांधकाम पुढे कित्येक पिढ्या चाललं. आत उजवीकडे सान ब्रिझिओचं चॅपेल आहे त्याचं तिकीट घ्या म्हणजे घ्याच, लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ मध्ये भिंतीभर जगाचा शेवट रंगवलाय, जमिनीतून सांगाडे वर येतायत आणि त्यांच्या अंगावर हळूहळू मांस चढतंय. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, 'गरुडपुराणच की गं.'

मग विहीर. पोझ्झो दि सान पात्रित्सिओ. १५२७ साली रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून ओर्विएतोला आला, वेढा पडला तर पाण्याचं काय म्हणून ही विहीर खोदायला सांगितली, आर्किटेक्ट अंतोनिओ दा सांगाल्लो. खोली ५३ मीटर, २४८ पायऱ्या, आणि गंमत म्हणजे दोन जिने एकमेकांत गुंफलेत पण कुठेच मिळत नाहीत, एकाने पाणी आणायला जाणारी खेचरं खाली उतरायची आणि दुसऱ्याने वर यायची, मध्ये ट्रॅफिक जॅम नाही. ज्यांनी साताऱ्याजवळची लिंबची बारा मोटेची विहीर पाहिलीय त्यांना इथे जास्त मजा येईल. गुडघेवाल्यांनी मात्र वरूनच डोकवावं, कारण २४८ उतरल्या की २४८ चढायच्या आहेत.

गावाच्या पोटात गुहाच गुहा आहेत, बाराशेच्या वर, रोमनांच्याही आधीच्या एट्रस्कन लोकांच्या काळापासून खणलेल्या, त्याची गाइडेड टूर असते. एका भिंतीत ओळीने चौकोनी कोनाडे दिसतात, ती कबुतरांची खुराडी, वेढा पडला तर घरच्या घरी जेवणाची सोय.

असिसी: वरून खाली चाला

इथली युक्ती साधी आहे पण नव्वद टक्के लोक उलटं करतात. स्टेशनवरून सी नंबरची बस पकडा आणि खालच्या बॅसिलिकापाशी उतरू नका, तसेच शेवटपर्यंत वर पियात्सा मात्तेओत्तीला जा. तिथून उतारावर उतरत या, सान रुफिनो, मग सांता क्यारा, मग मधला चौक, आणि सगळ्यात शेवटी फ्रान्सिसची बॅसिलिका, तिच्या खालच्या बाजूलाच परतीची बस मिळते. दिवसभरात चढ जवळजवळ शून्य.

मधल्या चौकात सहा खांबांचं रोमन मिनर्व्हाचं देऊळ उभं आहे, आत चर्च केलंय पण दर्शनी भाग तसाच. सांता क्यारात तो लाकडी क्रूस आहे ज्याच्याकडून फ्रान्सिसला 'माझं घर दुरुस्त कर' असं ऐकू आलं अशी कथा. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, भर चौकात बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हातात दिले आणि निघून गेला. पाखरांशी बोलणारा, सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारा, आणि ते स्तोत्र त्याने लॅटिनमध्ये न रचता उंब्रियाच्या बोलीत रचलं. लोकांच्या भाषेत देव आणणारा संत, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. जुन्या गोव्यात से कॅथीड्रलशेजारी ह्याच असिसीच्या फ्रान्सिसचं चर्च आहे, बाबांना ते आठवत होतं, 'तेच हे होय!' करत ते फिरत होते.

बॅसिलिका दोन मजली आहे, १२२८ साली काम सुरू झालं. आधी खालच्या चर्चमध्ये जा. अंधार, बुटक्या कमानी, निळं छत, आणि त्याच्याही खाली फ्रान्सिसची साधी दगडी समाधी. मग वर या, एकदम उजेड, आणि दोन्ही भिंतींवर फ्रान्सिसच्या आयुष्यातले २८ प्रसंग, परंपरेने जोत्तोचे मानले जातात, जाणकारांमध्ये त्यावर वाद आहे. छताकडे बघाल तेव्हा एक लक्षात ठेवा, २६ सप्टेंबर १९९७ ला भूकंपात ह्याच छताचा भाग कोसळला आणि आत चौघं गेले, दोन साधू आणि दोन तपासणीला आलेली माणसं. तुकडे हजारोंनी गोळा करून एकेक जागेवर बसवत दोन वर्षांत चर्च उघडलं, तरी काही जागी नुसता फिका गिलावा दिसतो, तिथलं चित्र परत जुळलंच नाही.

प्रवेश फुकट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फोटो काढायचा नाही. आणि स्टेशनजवळच्या मैदानी गावात सांता मारिया देल्यी आंजेली नावाचं अवाढव्य चर्च आहे, त्याच्या पोटात फ्रान्सिसचं मूळ एवढंसं दगडी देऊळ, पोर्त्सिउंकोला, जसंच्या तसं ठेवलंय, मोठ्या घुमटाखाली झोपडी. परतीच्या ट्रेनआधी अर्धा तास तिथे द्या.

पेरुजिया: मीठ, सरकते जिने आणि चॉकलेट

राजधानी, विद्यापीठाचं गाव, १३०८ पासूनचं. स्टेशनपासून वर जायला मिनिमेट्रो आहे, ड्रायव्हर नसलेले छोटे डबे, २००८ साली सुरू झालेली. पण एकदा तरी पियात्सा पार्तिज्यानीतून सरकत्या जिन्यांनी वर जा, कारण ते जिने तुम्हाला थेट एका गाडलेल्या मोहल्ल्यातून नेतात. भानगड अशी, १५४० साली पोप तिसऱ्या पॉलने मिठावर कर वाढवला, पेरुजियाने बंड केलं, हरली. पोपने बंडखोर बाल्योनी घराण्याचा आख्खा मोहल्ला पाडून, त्यावर छत घालून, वर किल्ला बांधला, रोक्का पाओलिना. खालच्या गल्ल्या, घरांचे दरवाजे, खिडक्या अंधारात तशाच राहिल्या. इटली एक झाल्यावर लोकांनी वरचा किल्ला फोडून टाकला आणि आता त्या खालच्या गल्लीतून लोक रोज ऑफिसला जातात. मीठ आणि कर म्हटल्यावर आपल्याला दांडी-शिरोडा आठवणारच.

आणि इथला ब्रेड अळणी असतो. अगदी मीठ नाही. लोक सांगतात की त्याच करामुळे आजोबा-पणजोबांनी मीठ घालणं सोडलं, इतिहासकार ह्या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण ब्रेड अळणी आहे हे मात्र शंभर टक्के खरं. चटणी काढा.

वरच्या चौकात फोंताना माज्जोरे, निकोला आणि जोव्हान्नी पिझानो ह्या बापलेकांनी १२७८ पर्यंत पूर्ण केलेलं कारंजं, कठड्यावर बारा महिन्यांची शेतीची कामं कोरलीत, एकेक महिना शोधत फिरायला मजा येते. समोरच्या पालात्सो देइ प्रिओरीत उंब्रियाची नॅशनल गॅलरी, पेरुजिनोची चित्रं बघायची तर इथेच, अडीच तास काढा. चॉकलेटवाल्यांसाठी पेरुजिना कंपनी इथली, १९०७ ची, आणि त्यांचं 'बाची' १९२२ चं, आत हेझलनट आणि कागदावर प्रेमाचा एकेक सुविचार. लुइझा स्पान्योली ह्या बाईंनी त्याचं नाव आधी 'कात्सोत्तो' म्हणजे ठोसा ठेवलं होतं, नंतर 'बाची' म्हणजे मुके झालं. बरं झालं, ठोसा कोण कुणाला गिफ्ट देणार.

गुब्बिओ: ज्याचा विजेता आधीच ठरलेला आहे ती शर्यत

ट्रेन नाही. पेरुजियाहून बस, सव्वा तासाच्या आसपास, परतीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा कारण रविवारी बस फार कमी.

१५ मेला इथे तीन 'चेरी' निघतात. चेरी म्हणजे लाकडाचे उंचच उंच खांब, प्रत्येकाचं वजन अडीचशे किलोच्या वर, डोक्यावर संताची मूर्ती, उबाल्दो, जॉर्ज आणि अँथनी. माणसं ते खांद्यावर घेऊन गल्ल्यांमधून पळतात आणि मग डोंगरावरच्या सांत उबाल्दोच्या चर्चपर्यंत चढ पळत जातात. आणि क्रम ठरलेला, उबाल्दो पहिला, जॉर्ज दुसरा, अँथनी तिसरा, ओव्हरटेक करायचंच नाही. मग शर्यत कसली? हा प्रश्न मी तिथल्या कॉफीवाल्याला विचारला तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे काही बोलले नाही. कोकणात शिमग्याला पालखी नाचवताना जिंकतं कोण असं विचारतो का आपण? खांद्यावरून खांब हलू न देणं, मूर्ती पडू न देणं, खांदेकरी पळता पळता बदलणं, सगळी इभ्रत त्यात आहे. उंब्रियाच्या झेंड्यावरही हेच तीन खांब आहेत.

त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. शांतपणे बघायचं तर इतर दिवशी जा आणि पिंजऱ्यातून वर जा. खरंच पिंजरा आहे, दोन माणसं उभी मावतील एवढी लोखंडी जाळीची टोपली, थांबत नाही, चालती असतानाच आत उडी मारायची, मग ती झाडांवरून तुम्हाला मोंते इन्जिनोवर नेते. आई गेली, बाबा खाली बसून राहिले आणि परत आल्यावर आईने त्यांना दिवसभर ऐकवलं. खाली कॉन्सुलांच्या राजवाड्यात सात काशाचे पत्रे आहेत, जुन्या उंब्रियन भाषेतले विधी त्यांवर कोरलेत, ती भाषा मेली आणि तिच्याबद्दल जे कळतं ते मुख्यतः ह्या पत्र्यांवरून.

कास्तेल्लुच्चो: डाळीचं शेत

इथे गाडी हवी, आणि सकाळी लवकर निघायला हवं. १,४५२ मीटर उंचीवरचं गाव आणि खाली पियानो ग्रांदे नावाचं ताटासारखं पठार. जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला तिथे लाल, निळे, पिवळे पट्टे उमटतात. काससारखं म्हणाल तर दिसायला हो, पण इथली फुलं म्हणजे मसूरच्या शेतातलं तण आहे, खसखशीची लाल फुलं, मोहरीवर्गी पिवळी, निळी कॉर्नफ्लॉवर. तणनाशक मारत नाहीत म्हणून ती टिकलीत. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग मात्र थेट कासची आठवण करून देणारी. मधल्या वारी जा, शेतात शिरू नका, कडेच्या वाटेवरूनच फोटो काढा. एका डोंगरउतारावर इटलीच्या नकाशाच्या आकाराचं झाडांचं बन आहे, ते शोधा.

३० ऑक्टोबर २०१६ च्या भूकंपाने हा सगळा भाग हादरला. कास्तेल्लुच्चोची बरीच घरं गेली, नोर्चात संत बेनेडिक्टच्या बॅसिलिकाची फक्त दर्शनी भिंत उभी राहिली होती. बांधकामं, क्रेन, तात्पुरती लाकडी दुकानं दिसली तर तोंड वाकडं करू नका, त्यांच्याकडूनच मसूर विकत घ्या. बारीक, पातळ सालीची, भिजवायला लागत नाही.

आणखी दोन, घाईघाईत

मार्मोरेचा धबधबा, तेर्नीजवळ, तीन टप्प्यांत १६५ मीटर, आणि तो माणसाने केलेला आहे, इ.स.पू. २७१ मध्ये रोमन लोकांनी दलदलीचं पाणी काढायला नदी कड्यावरून सोडली. आता पाणी बहुतेक वेळ वीजनिर्मितीला जातं आणि धबधबा टाइमटेबलने सोडतात. आम्ही वेळ न बघता गेलो, ओला कडा बघितला, परत आलो. तुम्ही वेळ बघा, रेनकोट न्या.

स्पेल्लोचे फुलांचे गालिचे आदल्या रात्रभर पाकळ्या मांडून करतात आणि सकाळी मिरवणूक त्यावरून चालत जाते, म्हणून मुक्काम फोलिन्योत असेल तर रात्री दहाला एकदा आणि पहाटे एकदा जा, दुपारी काही उरलेलं नसतं.

खाण्याचं

शाकाहारी लोकांनो, घाबरू नका. उंब्रिया हा कडधान्याचा प्रांत आहे. मसूरचं सूप, हरभऱ्याचं सूप, फार्रो म्हणजे खपलीच्या जातीचा गहू. त्रासिमेनो तळ्याकाठची प्रसिद्ध 'फाजोलिना' म्हणजे चक्क चवळी, तिच्यावर ऑलिव्ह तेल. आणि 'चिचेर्क्या' बघून माझी नागपूरची मावशी हसली असती, कारण ती आपली लाखोळी डाळ. 'तोर्ता अल तेस्तो' ही जाड तव्यावर भाजलेली पोळी, भाकरीची चुलतबहीण, मधे चिरून आत पालेभाजी आणि चीज घालून मागा. 'स्त्रांगोत्सी' हा पास्ता बहुधा नुसत्या पीठ-पाण्याचा असतो, अंडं नाही, तरी विचारा. त्यावर ट्रफल. उन्हाळ्यातलं ट्रफल सौम्य आणि स्वस्त, हिवाळ्यातलं नोर्चाचं काळं महाग. दुकानातल्या ट्रफल तेलाच्या बाटलीत बरेचदा नुसता कृत्रिम वास असतो, मागचं लेबल वाचा.

वाक्य पाठ करा: 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेश्शे, सेंत्सा उओवा', म्हणजे मांस नको, मासे नको, अंडी नको. सूपला 'ब्रोदो दि कार्ने?' विचारायचं, कारण डाळीच्या सूपात मटणाचं पाणी किंवा डुकराच्या मांसाचे तुकडे सहज असतात, नोर्चा तर त्यासाठीच प्रसिद्ध. पार्मेजान चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध फाडायचा पदार्थ) असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी ते टाळावं.

जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच, मग थेट संध्याकाळी साडेसात. चार वाजता भूक लागली तर बारमधलं सँडविच नाहीतर जिलातो, स्वयंपाकघर बंद. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, तो टेबलचा चार्ज, टिप नाही. वाइन घेणाऱ्यांनी मोंतेफाल्कोची साग्रांतिनो घ्या, तुरट आणि जबरदस्त आहे, रिकाम्या पोटी नको.

परतीच्या दिवशी विमान सकाळचं असेल तर आदली रात्र रोममध्येच काढा, उंब्रियातून पहाटेची ट्रेन पकडून फ्युमिचिनो विमानतळावर पोहोचायचा हिशोब कागदावर जमतो पण ओर्तेला एक गाडी चुकली की संपलं. ऑलिव्ह तेलाचे डबे चेक-इन बॅगेत, मसूर कुठेही. आईने दोन किलो आणली, आमटी केली, कोकम घालून, आणि म्हणाली, 'शिजते पटकन, पण आपल्या मसुरीएवढी गोडी नाही.' तरी डबा महिन्यात संपला.